खांबाले सांगा

त्या साली आसगावात जन्मलेली पोरं रुद्रांश, शिवांश आणि रेयांश होती. हे सगळे अंश नेमके कोणाचे, असं विचारायची गावात पद्धत नव्हती. मनिषनेही आपल्या पोरासाठी मोबाइलमधून एक नाव शोधून ठेवलं होतं. त्याचा अर्थ सूर्याचा किरण असा होता, ते गावात अजून कोणाचं नव्हतं, आणि त्याच्या खताच्या दुकानाच्या नव्या पाटीवर ते शोभलंही असतं. तरी पोराचं नाव गोमाजी ठेवलं गेलं.

गोमाजी म्हणजे मनिषचे वडील. होळीची राख निवते न निवते तोच ते गेले होते. गावच्या तलावाचे ते पाणकर होते, म्हणजे कोणाच्या बांधीला, धानाच्या खाचराला, कधी आणि किती पाणी सोडायचं हे ठरवणारा माणूस. या कामात माणसाला शिव्या मिळतात, कधी काठ्याही मिळतात. गोमाजींना मान मिळाला, यावरून माणूस कसा असेल ते समजून घ्यावं. एका कोरड्या साली त्यांनी सख्ख्या भावाची बांधी तशीच ठेवून शेवटच्या टोकाच्या विधवेला आधी पाणी सोडलं. भाऊ त्यानंतर वर्षभर बोलला नाही, आणि मातीच्या दिवशी सगळ्यात मोठ्याने तोच रडला.

सून रुपा हिच्यावर गोमाजींचा फार जीव होता. हे रुपाला ठाऊक होतं, गावाला ठाऊक होतं. त्यांनी मात्र ते तिला कधी सांगितलं नव्हतं, कारण लग्न होऊन ती करडीहून या घरात आली तेव्हापासून ते तिच्याशी एक शब्द बोलले नव्हते. सासऱ्याने सुनेच्या तोंडाकडे बघायचं नाही, तिच्याशी सरळ बोलायचं नाही, ही रीत आता कोणी पाळत नव्हतं. गावातले सासरे सुनांच्या शेजारी सोफ्यावर बसून मालिका बघत आणि मालिकेतल्या सासऱ्यांना नावं ठेवत. गोमाजी रीत पाळत. घरात शिरताना उंबरठ्याबाहेर थांबून ते खाकरायचे. एकदा लहान, एकदा मोठं. तेवढ्यात आतल्या सुनेने पदर घ्यावा. तिने पाण्याचा गडवा आणला की तो जमिनीवर ठेवायचा, मागे सरायचं, मग ते उचलायचे. आणि तिला काही सांगायचं असेल तर ते सपरीतल्या, म्हणजे पुढच्या पडवीतल्या, सागाच्या खांबाला सांगायचे.

"खांबा," ते म्हणायचे, "पोरीले सांग, तू आधी जेवून घे. बाप्यांचं होत राहाते."

रुपा दाराआड उभी असे. ती मान हलवी. हललेली मान त्यांना दिसत नसे, पण खांबाला दिसत असावी, कारण ते लगेच पुढच्या विषयाकडे वळत.

रुपाला बरीच वर्षं मूल झालं नाही. नात्यातल्या बाया सासूच्या, म्हणजे गोदावरीबाईंच्या, कानाशी लागू लागल्या. एका पोळ्याला मनिषच्या मोठ्या बहिणीने दुसऱ्या पोरीचा विषय सगळ्यांसमोर काढला. या बहिणीचं नाव गुड्डी. वय चाळिशीच्या पुढे, दिघोरीला दिलेली, दोन पोरं कॉलेजात; पण एकदा गुड्डी म्हटलं की माणूस गुड्डीच राहतो. गोमाजींनी तोंडातलं पान अंगणात थुंकलं आणि खांबाकडे वळले.

"खांबा, या घरात एक सून हाय. जिले दुसरी पाह्यजे तिनं आपल्या घरी आनावी."

विषय तिथेच मिटला. दुसऱ्या दिवशी सगळे शेतावर गेल्यावर रुपा सपरीत आली आणि इकडेतिकडे बघून त्या खांबाच्या पाया पडली.

पुढे तिला दिवस राहिले, ते गोमाजींच्या अखेरच्या दुखण्यात. त्यांना ते कळलं तेव्हा खाटेवरून मान वळवणंही त्यांना जड जात होतं. तरी त्यांनी खांबाकडे तोंड केलं आणि एवढंच विचारलं, "पोरगी बरी हाय ना?" रुपाने दाराआडून मान हलवली. ते त्यांचं तिच्याशी झालेलं शेवटचं बोलणं.

पोरगा भादव्यात झाला. बारशाला शेजारच्या विमलाबाईंनी पितळी परातीत पाणी घेतलं. विमलाबाईंनी निम्मं गाव आपल्या हातांनी जगात आणलं होतं, त्यामुळे त्यात नवं कोण आणि परत आलेलं कोण हे ठरवायचा अधिकारही त्यांच्याकडे आपसूक आला होता. रीत अशी, की आधी बाळाच्या नावाने तांदळाचा एक दाणा पाण्यात सोडायचा. मग घरातल्या गेलेल्या माणसांची नावं घेत एकेक दाणा. ज्याचा दाणा बाळाच्या दाण्याला जाऊन टेकला, तो माणूस आला. पहिलं नाव मनिषच्या आजाचं, टिकारामांचं. तो दाणा परातीच्या काठाला जाऊन बसला. टिकाराम जन्मभर घर सोडून काठाकाठानेच हिंडले होते, त्यामुळे कोणाला नवल वाटलं नाही. मग विमलाबाईंनी गोमाजींचं नाव घेतलं.

दाणा बाळाच्या दाण्यापासून वीतभर लांब पडला. थोडा वेळ तसाच राहिला. मग तळावरून सरकू लागला. पाण्याला हेलकावा असतो, असं मनिष म्हणाला. तो बी.एस्सी. होता. पण रुपा परातीवर वाकली होती, आणि पाणी हललं नव्हतं. दाणा बाळाच्या दाण्यापर्यंत आला आणि टेकण्याआधी क्षणभर थांबला. उंबरठ्याबाहेर थांबावं तसा. मग टेकला.

बायांनी आनंदाने डोळे पुसले. सूर्याच्या किरणाचा विषय कोणी पुन्हा काढला नाही, मनिषनेही नाही.

गुड्डीने पाळण्यात वाकून बाळाच्या कानात नाव सांगितलं. घरात ते नाव उच्चारू शकणारी बाई ती एकटीच होती, कारण ती लेक होती. गोदावरीबाई नवऱ्याचं नाव घेणार नाहीत आणि रुपा सासऱ्याचं. नाव घेतलं की ज्याचं घेतलं त्याचं आयुष्य घटतं, असं दोघींना लहानपणापासून सांगितलेलं. जो गेलाच त्याचं काय घटणार, असं एकदा रुपाच्या मनात आलं. पण त्या नावाचं एक कोरं आयुष्य आता पाळण्यात होतं. पोराला हाक मारायला आईकडेच नाव उरलं नाही, ही गोष्ट पेढ्यांच्या गडबडीत कोणाच्या ध्यानात आली नाही.

नाव कानात पडलं आणि पाळण्यातून खाकरल्याचा आवाज आला. एक लहान, एक मोठा.

सपरीत बसलेल्या सगळ्या बायांनी डोक्यावर पदर घेतले. सगळ्यांनी एकदम, न ठरवता. मग एकमेकींकडे बघून हसल्या. पण पदर खाली कोणी घेतला नाही.

त्या दुपारपासून बाळाने रुपाचं दूध घेतलं नाही.

आदल्या दिवसापर्यंत तो हावऱ्यासारखा पीत होता. आता तिने जवळ घेतलं की तो डोळे मिटून घेई आणि मान भिंतीकडे वळवी. रडत नव्हता. हातपाय झाडत नव्हता. भल्या माणसाने चुकून दुसऱ्याच्या खोलीत पाऊल टाकावं आणि तसंच मागे फिरावं, तशी ती मान वळायची. पवनीच्या डॉक्टरांनी घसा पाहिला, कान पाहिले, जीभ पाहिली, सगळं ठीक आहे म्हणाले, आणि कधीकधी बाळं अशी करतात म्हणाले. पावडरचा डबा दिला. पावडरच्या दुधाने पोराचं पोट बिघडलं.

शेवटी रुपाने आपलं दूध वाटीत काढलं आणि चमच्याने भरवायला बसली. पोराचे ओठ शिवल्यासारखे बंद. हताश होऊन तिने वाटी जमिनीवर ठेवली आणि भिंतीला टेकून बसली. तेव्हा गोदावरीबाई आल्या, त्यांनी वाटी उचलली आणि सहज चमचा त्याच्या तोंडाशी नेला. पोरगा घटाघटा प्याला.

रुपाने दुसऱ्या खेपेला मुद्दाम करून पाहिलं. वाटी सासूच्या हातात दिली, तर पोरगा पिईना. वाटी जमिनीवर ठेवली, मागे सरली, सासूने उचलली, की प्यायचा. मध्ये जमीन लागत होती. रुपाने कोणाला काही सांगितलं नाही. सांगायची गरजही पडली नाही, कारण गोदावरीबाई वाटी खाली ठेवून तिच्याकडे बघत होत्या, आणि त्यांच्या तोंडावर जे आलं होतं ते तिने होळीनंतर प्रथमच पाहिलं. त्या लाजल्या होत्या.

चूक म्हणावी तर ती अशी, की अख्ख्या पंचक्रोशीत रीत पाळणारा एकच माणूस उरला होता आणि यांनी नेमकं त्याचं नाव पोराला ठेवलं. टिकारामांचं ठेवलं असतं तर पोरगा सात घरचं दूध प्याला असता आणि आठव्या घरी निजला असता. हे गुड्डीच फोनवर म्हणाली, आणि मग आपण काय बोललो हे लक्षात येऊन तिने फोन ठेवला.

गोष्ट गावात पसरायला वेळ लागला नाही. त्यात धान गर्भात आलेलं, पाऊस ओढ दिलेला, आणि तलावाचं पाणी आधी वरच्या बांध्यांना की खालच्या, यावर रोज भांडणं. गोमाजींच्या मागे पाण्यासाठी समिती झाली होती, आणि समितीत तीन मतं होती, माणसं दोनच येत असली तरी. एके दिवशी समितीचे अध्यक्ष कृष्णराव नारळ घेऊन घरी आले. हे माजी सरपंच. पाण्याखेरीज सगळ्या विषयांतलं त्यांना कळत असे. ते पाळण्यासमोर पागोटं काढून बसले आणि म्हणाले की सहज आलो, नातवाले पाहाले. मग सहजच त्यांनी पाण्याचा प्रश्न सांगितला. पोरगा त्यांच्याकडे शांतपणे बघत राहिला. मग त्याने डावी मूठ उघडली.

डाव्या हाताला खालच्या बांध्या होत्या. पाणी खाली सोडलं गेलं. दोनच दिवसांनी वरच्या बाजूला एक सर पडून गेली आणि दोन्हीकडचं धान तगलं. गोमाजी हेच करत, असं सगळे म्हणाले. शास्त्रावर विश्वास असलेले लोक योगायोग म्हणाले, आणि पुढच्या खेपेला तेच आधी येऊन बसले.

आता रोज सपरीत चार माणसं असायची. पोरगा गोदावरीबाईंच्या मांडीवर. रुपा चहा करी, ट्रे उंबरठ्यावर ठेवी, मागे सरे. तिला कोणी तसं करायला सांगितलं नव्हतं. माणसं उठून गेल्यावर ती पाळण्याशी जाई आणि पदर मागे पडलेला असला की पोरगा डोळे मिटून घेई. पदर कपाळाखाली ओढला की उघडी. तेव्हाही तो तिच्याकडे बघत नसे. तिच्या खांद्यावरून मागे बघे, दारातून सपरीकडे, खांबाकडे. आपल्या पोराला खेळवायचं तर तिला पदराआडून खेळवावं लागे, आणि हाक मारायची तर "आवो" म्हणावं लागे. एकदा ती तसं म्हणाली आणि तिलाच धडकी भरली.

वजन मात्र घटत होतं. अंगणवाडीच्या काट्यावर ते तिसऱ्यांदा कमी भरलं तेव्हा ताईने रुपाला बाजूला घेतलं आणि सांगितलं की पोराले अंगावर घे, वाटीनं भागत नाही. आणि जे बाळ ओढत नाही त्याच्या आईचं दूधही राहत नाही. हे रुपाला कोणी सांगायची गरज नव्हती. सकाळी वाटी भरायची ती आता अर्धी राहत होती.

तिने मनिषजवळ विषय काढला. नाव बदलू, सूर्याचा किरण ठेवू. मनिष म्हणाला, माहा काही विरोध नाही. मग म्हणाला, आईले विचारून पाह्य. मग म्हणाला की कृष्णराव कालच दुकानात आले होते, गाव काय म्हणेल तेही पाहावं लागते. मनिष वाईट माणूस नव्हता. त्याला फक्त आपल्या बापाच्या वाटेत उभं राहायची सवय नव्हती.

गोदावरीबाई पोराच्या अंगाला तेल लावत होत्या. त्यांनी आताशा स्वतःच्या केसांनाही तेल लावायला सुरुवात केली होती.

"आई," रुपा म्हणाली, "नाव बदलू."

"कोनाचं?"

"पोराचं. तो सुकून राहिला. तुमाले दिसत नाही का?"

गोदावरीबाईंनी पोराचा पाय हळूच खाली ठेवला. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, आणि रुपाला नंतर वाटलं की राग असता तर बरं झालं असतं.

"जलमभर मी त्याईच्या मांगं जेवली," त्या म्हणाल्या. "त्याईच्या समोर बसून कधी घास घेतला नाही. आता त्याईले माह्या हातानं भरवून राहिली. आन् तू म्हनतं, उठवून द्या?"

"तो माहा लेक होय, आई."

"होय ना बाई. मी कुठी नाही म्हनतो? पन तो आधी माहा नवरा होय."

पोरगा दोघींच्या मध्ये पडला होता. त्याने डोळे मिटले आणि मान भिंतीकडे वळवली. बायांच्या भांडणात गोमाजी कधी पडत नसत.

मग तो दिवस आला. धानाला तलावाचं शेवटचं पाणी सोडायचं होतं, आणि पाणकराच्या घरच्याच माणसाने नारळ फोडावा असं कृष्णरावांनी ठरवलं. पोराला न्यायचं होतं, पण ऊन रणरणत होतं आणि पोराच्या अंगात ऊन सोसण्याएवढं काही उरलं नव्हतं. म्हणून गोदावरीबाई गेल्या, मनिष गेला, आणि आळीतलं माणूस न माणूस गेलं. भर दुपारी गावात असा शुकशुकाट रुपाने कधी अनुभवला नव्हता. कोंबड्यासुद्धा कुठे तरी सावलीला बसल्या होत्या.

तिने वाटी घेतली आणि बराच वेळ बसली. वाटीचा तळ जेमतेम पांढरा झाला.

उद्या तेवढंही येणार नाही, हे तिला लख्ख समजलं. तिने पोराला उचललं. तो कापसासारखा हलका झाला होता, आणि तरी त्याने तिच्या हातात येताच अंग चोरून घेतलं. ती सपरीत आली आणि खांबाच्या अलीकडे, त्याच्याकडे पाठ करून बसली. समोर बसायचं धाडस झालं नाही. तिने पदर कपाळाखाली ओढला. इतक्या वर्षांत खांबाने तिला हजारो निरोप दिले होते, पण त्याच्या हाती उलटा निरोप तिने कधी पाठवला नव्हता. कसं सुरू करायचं हेही तिला माहीत नव्हतं. मग ते करायचे तसंच तिने केलं.

"खांबा," ती म्हणाली, "मामाजींले सांग, पोरगी बरी नाही."

सपरीत काही हललं नाही. मांडीवर पोराने डोळे उघडले.

"सांग, इतक्या सालात त्याईनं माह्याकडं एकदा पाह्यलं नाही, तरी मले या घरात कधी एकटं वाटलं नाही. आता माहा लेक माह्याकडं पाहात नाही, आन् माहा जीव जाऊन राहिला. सांग, पान्याचा गडवा खाली ठेवता येते. हे खाली ठेवता येत नाही, मामाजी. हे ठेवलं का आटते."

ती थांबली. आपण मामाजी म्हटलं, म्हणजे सरळच बोललो, हे तिच्या लक्षात आलं. पोरगा ऐकत होता. त्याच्या कपाळावर बारीक आठी पडली होती, पाणीवाटपाचं गाऱ्हाणं ऐकताना पडायची तशी. पण तो तिच्याकडे बघत नव्हता. ती वाट बघत राहिली. पोराने सावकाश डोळे मिटले आणि मान वळवली. ऐकून घेतलं, पण रीत ती रीत.

तेव्हा रुपाने डोक्यावरचा पदर मागे टाकला. नाव घेतलं की ज्याचं घेतलं त्याचं आयुष्य घटतं. या नावाची दोन माणसं होती, आणि एकाकडे घटण्यासारखं काही उरलं नव्हतं, आणि दुसऱ्याकडेही फारसं राहिलं नव्हतं. न बोलता बसलं तरी ते संपणार होतं. तिने पोराला छातीशी घट्ट धरलं, त्याच्या तोंडावर आपलं उघडं तोंड नेलं आणि म्हणाली,

"गोमाजी."

इतक्या वर्षांत ते नाव तिच्या जिभेवर एकदाही आलं नव्हतं. ते साधंच नाव होतं. मातीची चव असल्यासारखं.

पोराचं अंग तिच्या हातात ताठ झालं, आणि जड. एवढ्याशा जिवाला शोभणार नाही इतकं जड, की तिच्या मांडीला रग लागली. मग त्याच्या घशात काहीतरी हललं आणि तो खाकरला. लहान.

मोठं खाकरणं तिच्या पाठीमागून आलं. खांबाच्या पलीकडून.

आणि पोरगा रडला. बारशानंतर तो प्रथमच रडला, साधं, ओंगळ, लाळ गाळत, कोणाचीही भीडभाड न ठेवता, तळव्यांपर्यंत लाल होऊन. त्याने डोळे उघडले आणि रुपाच्या तोंडाकडे बघितलं. त्या डोळ्यांत ओळख बिळख काही नव्हती. भूक होती. तो असा काही लुचला की रुपा कळवळली, आणि ती कळ तिला सोडवेना.

मागे वळून तिने बघितलं नाही. तशी रीतच होती.

उन्हं कलल्यावर गोदावरीबाई परतल्या. त्यांनी उंबरठ्यातून बघितलं: सून बोडक्या डोक्याने खांबाला टेकून बसलेली, पोरगा तिच्या अंगावर पीत पीत निजलेला, ओठ उघडे. त्यांनी हातातली नारळाची वाटी खाली ठेवली. रुपाला वाटलं, आता त्या बोलतील. पण गोदावरीबाई पोराकडे बघत नव्हत्या, सुनेकडेही नव्हत्या. त्या खांबाच्या पलीकडे बघत होत्या. मग त्या आत गेल्या, गडवा भरून आणला, आणि खांबाच्या बुडाशी ठेवून मागे सरल्या. आणि जन्मात कधी केलं नव्हतं ते केलं. समोर फतकल मारून बसल्या आणि नारळाचा तुकडा मोडून तोंडात टाकला.

त्यानंतर पोरगा इतर पोरांसारखाच झाला. कृष्णराव रब्बीच्या पाण्याचा प्रश्न घेऊन आले तेव्हा त्याने दोन्ही मुठी उघडल्या, मग दोन्ही मिटल्या, आणि मग कृष्णरावांच्या धुतल्या धोतरावर मुतला. समितीत याचे तीन अर्थ निघाले. भांडणं पुन्हा सुरू झाली, काठ्या निघाल्या, आणि गाव मूळ पदावर आलं. पोराच्या मांडीला वळ्या पडल्या. काटा वर चढला. रुपाने नाव बदलायचा विषय पुन्हा काढला नाही. एकदा घेतलंच होतं, तर आता ती ते दिवसभर घेई. न्हाऊ घालताना, झोपवताना, ओरडताना. आळीतल्या म्हाताऱ्या कानांवर हात ठेवत. रुपा म्हणे, माह्या लेकाचं नाव हाय, मी नाही घेऊ तं कोन घेईल.

उन्हाळ्यात मनिषने सपरी पाडून स्लॅब टाकायचं काढलं. मिस्त्रीने सागाचा खांब ठोकून पाहिला आणि म्हणाला की या खांबावर आता भार काहीच नाही, आढं कधीच सरकलं, हा नुसता उभा आहे. काढून टाकू. सासू आणि सून एकाच वेळी नाही म्हणाल्या. मनिषने कारण विचारलं नाही. स्लॅब झाला, खाली फरशी आली, आणि मधोमध तो काळा खांब तसाच राहिला, बुडाशी पाण्याचा गडवा. नवा माणूस आला की विचारतो. गोदावरीबाई दुपारभर त्याच्याजवळ सुपारी कातरत बसतात आणि सांगतात, असू द्या, जुना हाय.

परवाची गोष्ट. रुपा आत भाकरी थापत होती. पोरगा सपरीत खेळत होता. आता तो धरून धरून उभा राहायला लागलाय. तिने आतूनच हाक मारली, "गोमाजी, जेवाले ये."

बाहेर खाकरल्याचा आवाज आला. एक लहान, एक मोठा.

रुपाने पिठाच्या हातानेच पदर घेतला. दारात पोरगा आला. चालत आला. काही न धरता, पाऊल पाऊल टाकत, आणि उजवा हात वर उचललेला, मूठ मिटलेली, कोणाचं तरी बोट धरावं तशी. उंबरठ्याशी येऊन तो थांबला. वर बघितलं, मग आत आईकडे बघितलं, आणि वाट बघत उभा राहिला. त्याच्या मागे, खांबाजवळ, गोदावरीबाईंचा अडकित्ता थांबला होता.

एक शब्द. या, एवढंच. दारात उभ्या सासऱ्याला आत घ्यायला तेवढं पुरलं असतं.

रुपाने नजर खाली वळवली. भाकरी तव्यावर टाकली.

"तुमाले नाही, मामाजी," ती चुलीला म्हणाली. "पोराले हाक मारली."

तिने भाकरी उलटली. मग पोराची मूठ हवेतच सैल झाली, तो धपकन खाली बसला, हसला, आणि रांगत रांगत आत आला.